उलट्या कागदाची भिंत

“चित्र उलटं कुणाला दिसतंय, साहेब? तुम्हाला की भिंतीला?” पेंटरमावशी शिडीवरूनच बोलली. ब्रश काही थांबला नाही.

“आधी खाली या. दुकानांकडे तोंड केलं तर शिंपी डाव्या टोकाला, तुमच्या चित्रात उजव्या टोकाला. याला रस्त्याचा इतिहास म्हणायचं? पुसायचं ठरलंय.”

नगरपालिकेच्या साहेबांच्या मागे दोन माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन उभी होती.

मावशी म्हणजे याच हमरस्त्यावर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची लेक. बापामागे शिडी तिच्याकडे आली. बाईमाणसानं शिडी चढू नये, असं नवरा म्हणाला, तर तिनं त्यालाच खाली शिडी धरायला उभं केलं. तो अजून धरतोय.

पंचवीस वर्षांपूर्वी तिनं पाण्याच्या टाकीच्या या भिंतीवर समोरच्या दुकानांची अख्खी रांग काढली. आधी कागदावर चित्र, मग रेघांवर सुईनं भोकं, मग कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की भोकांतून चित्राचे ठिपके भिंतीवर उमटतात. तिनं कागदच उलटा लावला. ध्यानात आलं तेव्हा निम्मा रंग भरून झाला होता. पाट्यांची अक्षरं मागाहून हातानं लिहिली, म्हणून तेवढी सुलट राहिली. नवरा पोट धरून हसला. मावशीनं पुसलं नाही. उलट, दुकान बदललं की जुनी पाटी बारीक अक्षरात वर ठेवायची, नवी खाली लिहायची, असा नेम धरला. कापडवाला गेला, घड्याळवाला आला, आता मोबाईलवाला आहे. भिंतीवर तिघंही नांदतात.

मावशी उतरली. साहेबांच्या कोपराला धरून रस्ता ओलांडला आणि त्यांना शिंप्याच्या दारात उभं केलं.

“आता समोर बघा.”

समोर भिंतीवर, अगदी नाकासमोर, शिंप्याचंच दुकान.

“सुलट काढलं असतं तर याच्यासमोर त्या टोकाची गिरणीवाली आली असती.”

“रोज शटर उघडलं की आधी माझंच दुकान बघतो, साहेब,” गळ्यात टेप अडकवलेला शिंपी म्हणाला. “तोंड धुतल्यासारखं वाटतं.”

“हात तर लावा भिंतीला!” त्या टोकावरून गिरणीवाली ओरडली.

साहेबांनी कपाळ पुसलं. “बरं, असं करू. मुद्दाम आरशासारखं काढलं, असं लिहून द्या. भिंत वाचेल.”

“मुद्दाम कशाला? पेंटरनं कागद उलटा धरला, असंच लिहा. चूक माझी आहे, पंचवीस वर्षं सांभाळलीय. आणि पुसलीत तर परत काढीन. तोच कागद आहे घरी. परत उलटाच धरीन.”

शिंपी हसला. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि वहीत तसंच लिहिलं.

“मग हा चुना?” बादलीवाल्यानं विचारलं.

“फुटपाथच्या कडेला मारा.”

“अहो, शिडी!” मावशीनं नवऱ्याला हाक दिली आणि चढली. न्हाव्याच्या नव्या पाटीचं शेवटचं अक्षर राहिलं होतं.