आषाढातला तबेला
सरकी भिजत घातल्याचा वास आला की अंधेरीतला माझा म्हशींचा तबेला आठवतो. असे तबेले हटवायचे की ठेवायचे, हे पन्नासच्या दशकात एका अभ्यासकाच्या तुलनेवर ठरणार होतं. सरकारी दूध वसाहतीतला गोठा त्याने मे महिन्यात पाहिला आणि माझा भर आषाढात, चिखलात. मी भडकलो. "अहो, दोन म्हशींतली एक निवडतानाही दोघींचं दूध एकाच वेळी काढून बघतात. दिवाळीनंतर परत या." बायकोने दिलेला चहा संपवत तो म्हणाला, "मालक, अहवाल लगेच द्यायचाय. आणि फरक तर दिसतोच आहे ना?" त्याच्या अहवालावरून दसऱ्याआधी म्हशी हलवल्या गेल्या. दिवाळीत तबेल्याची जमीन कोरडी ठणठणीत होती. मी ती झाडून काढली आणि दारात बसलो. इतकी वर्षं झाली, अजून कोणी बघायला आलेलं नाही.