चारी चाकं कमावती

कोणाचीही मोटार गिरणीच्या दारात उभी राहिली की तो पुढच्या चाकाला चपलेच्या टोकाने हळूच डिवचायचा आणि मालकाला विचारायचा, "हे कमावते, का नुसतंच खाते?"

मालक गोंधळला की तो खूश. मग सांगायचा. इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते, गाडी तीच ढकलतात. पुढची दोन टायर झिजवतात आणि वाट दाखवतात, बाकी कष्ट नाहीत. "घरात चौघं अन् कमावते दोघंच. कोरड्यात चालते जी असं घर. चिखलात नाई चालत."

मूल गावच्या ज्या धान गिरणीत मी हिशेबनीस होतो, तिथल्या इंजिनाचा तो मिस्त्री. यंत्रात माणसे पाहणारे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. हा त्यांच्यातला, पण यंत्राइतकाच हट्टी.

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत त्याने दोन वस्तू विकत घेतल्या. एका जमीनदाराची म्हातारी, बंद टपाची मोटार आणि लष्कराच्या लिलावातली एक चेपलेली जीप. जीपचा पुढचा एक्सल आणि बाजूचा गियरबॉक्स त्याने काढला आणि मोटारीखाली बसवला. एक अख्खा उन्हाळा गेला, दुसऱ्यातलाही अर्धा. मोटारीच्या तळाचा पत्रा कापून त्यातून एक जादा दांडा वर आला. तो ओढला की पुढची चाकंही कमावायला लागत.

"जीप होतीच, तर तीच दुरुस्त करायची होती," मी म्हणालो. आकडे मांडून दाखवले. खर्च निम्म्याच्या आत आला असता.

"जीपमंधी साहेब बसते मुनीमजी. बाईमान्साले टप पाह्यजे, दार पाह्यजे, पाठ टेकाले जागा पाह्यजे."

आमच्या रस्त्यापासून आत, नाल्यापलीकडे, सात गावे होती. पावसाळ्याचे चार महिने तिथे कोणतीच मोटार जात नसे. आजारी माणूस बैलगाडीतून यायचा, नाल्यात गाडी रुतली की खाटेवरून, आणि कधी कधी यायचाच नाही. त्या सात गावांसाठी ही मोटार होती.

एक्सल बसवल्यावर मोटार उंच झाली. मी पट्टी लावून मोजले, नऊ इंच. लुगड्यातल्या बायकांना चढता येईना. म्हणून त्याने मागे साबणाचे एक लाकडी खोके ठेवले, पायरी म्हणून. पहिल्यांदा चढलेल्या म्हातारीने आत बसल्यावर खाली पाहिले आणि विचारले, "मोटार होय का मचान होय रे बाबू?"

"मचानच होय बाई. वाघ दिसला तर सांग."

भाडे घ्यायचे तर मोटार पास व्हायला हवी होती. अर्ज मी लिहिला. तो सांगत होता, "लिवा, का गरज पडली का चारी चाकं कमावतेत." मला ते वाक्य ओबडधोबड वाटले. चांगल्या मराठीत मी लिहिले, 'सदर वाहनाची चारही चाके सदैव कमावती असतात.' त्याला वाचून दाखवले तेव्हा 'सदैव' ऐकून तो म्हणाला, "भारी वाटते." आम्ही दोघांनीही सही केली.

इन्स्पेक्टर साहेब महिन्यातून एकदा नागपूरहून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, येत. त्यांनी मोटारीखाली वाकून पाहिले, मग अर्ज पाहिला.

"सदैव?" ते म्हणाले. "मग दांडा ओढा आणि या डांबरी सडकेवर गोल फिरवून दाखवा. अर्जात आहे तसं."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. ती नजर मला अजून आठवते. त्याला ठाऊक होते आणि मला नव्हते, की वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात चाक जरा घसरते आणि तेवढा फरक निघून जातो. पक्क्या सडकेवर घसरायला जागा नसते. चारही चाके एकत्र बांधलेली असली तर सगळा फरक आतल्या दांड्यांत पिळासारखा साठत जातो.

"अर्जात चूक झाली," असे तो म्हणू शकला असता. अर्ज माझ्या हातचा होता, म्हणून म्हणाला नाही. दांडा ओढून त्याने मोटार फिरवली. पहिल्या फेऱ्यात ती कण्हली. दुसऱ्यात टायर किंचाळले. तिसऱ्यात ती हिसका देऊन थांबली आणि दांडा जागचा हलेना.

जमलेली माणसे हसली. साहेबही हसले आणि कागदावर लिहिले, 'प्रवासी वाहतुकीस अयोग्य. पुढचा एक्सल काढावा.'

"काढनार नाई," मिस्त्री म्हणाला.

"मग ही इथून न्यायची कशी? खांद्यावर?"

"पीळ पडला साहेब. उलटं चाललं का सुटते."

आणि तो ती मोटार रिव्हर्समध्ये घेऊन निघाला. मान मागे वळवलेली, एक हात दारावर. कचेरी, साहेब, हसणारी माणसे, सगळ्यांकडे मोटारीचे तोंड आणि ती मात्र त्यांच्यापासून लांब लांब जाते आहे. शेजारी मी, मान खाली घालून. फर्लांगभर गेल्यावर खाड् आवाज झाला आणि दांडा आपोआप मोकळा झाला.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हणालो.

"तुमची मराठी चांगली हाये मुनीमजी," तो म्हणाला. "मोटारीले समजली नाई."

भाडे घेता येणार नव्हते, म्हणून त्याने घेणे बंद केले. मोटार मात्र बंद केली नाही. घरच्या मोटारीतून घरची माणसे न्यायला परवाना लागत नाही, एवढा कायदा त्याने माझ्याकडून नीट समजून घेतला होता. त्या पावसाळ्यात सात गावांतून माणसे येतच राहिली. कोणी तापाने फणफणलेले, कोणी साप चावलेले, बहुतेक बाळंतपणाला अडलेल्या बाया. सडकेवर हवालदार थांबवायचा.

"हे कोन होय?"

"बहीन."

"काल दुसरी होती."

"काल दुसरी होती. बहिनी किती असाव्या याचं बी लायसन लागते का जी?"

"अन् हे टोपल्यात का हाये? चारोळी? हे भाडं नाई तं का?"

"बहीन भावाच्या घरी रिकाम्या हातानं येते का हवालदार? तुमच्याकडं येत असन."

हवालदाराने दोनदा सोडले, तिसऱ्यांदा खटला भरला. चांद्याच्या कोर्टात मी हजर होतो. मिस्त्रीला सख्खी बहीण एकही नव्हती, हे अख्ख्या मूल गावाला माहीत होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक गोंड बाई उभी होती, कडेवर दोन महिन्यांचे मूल. ते मूल त्या मोटारीमुळेच दवाखान्यात जन्मले होते. मॅजिस्ट्रेटनी तिला विचारले, हा तुझा कोण? तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊ."

मॅजिस्ट्रेट मिस्त्रीकडे वळले. "या बहिणीचं नाव काय?"

त्याला नाव माहीत नव्हते. मलाही नव्हते.

"थोरल्या बहिनीले कोन नावानं हाक मारते साहेब?" तो म्हणाला. "आमच्याकडं 'बाई' म्हंतेत. मी बाईच म्हंतो."

खरे तर ती त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होती. मॅजिस्ट्रेटनी हसू दाबले, पण टोपल्याचा पुरावा होता. पंचवीस रुपये दंड, न भरल्यास सात दिवस कैद. शिवाय एक्सल काढेपर्यंत मोटार सरकारी सडकेवर आणायची नाही.

पंचवीस रुपये माझ्या खिशात होते. मी पुढे झालो. त्याने माझे मनगट धरले, चांगले दुखेल असे.

"दंड भरला का ते पाशिंजर ठरते," तो म्हणाला. "मंग मी खोटा अन् तेही खोटी. ठेवा ते."

तो सात दिवस आत राहिला. सुटल्यावर गिरणीत आला, इंजिन साफ केले, गिरणीच्या मालकाला किल्ली परत दिली. मोटार त्याआधीच नाल्यापलीकडे नेऊन ठेवली होती.

"सडक सरकारची," तो मला म्हणाला. "चिखल कोनाचा होय, दाखवा म्हना मले कागदावर."

तो तिकडेच राहिला. त्याची घरधनीणही तिकडे राहायला गेली. पेट्रोलचे डबे बैलगाडीतून जात. एक्सल त्याने शेवटपर्यंत काढला नाही. पुढे तो तिकडेच वारला, आम्हाला चार दिवसांनी कळले.

मी त्याला शेवटचे पाहिले ते तो वारला त्याच्या आधीच्या श्रावणात. मी सर्व्हिस मोटारीने, म्हणजे प्रवासी बसने, गडचिरोलीकडून परत येत होतो. आतली वाट जिथे सडकेला मिळते तिथे गाडी थांबली. तो उभा होता. त्याची मोटार टपापर्यंत चिखलाने माखलेली, आणि पुढची चाके खडी सुरू होते तिथून बरोबर दीड हात अलीकडे. एक इंचही सडकेवर नाही. खोके खाली ठेवून त्याने एका अवघडलेल्या बाईला उतरवले, दंडाला धरून आमच्या गाडीपर्यंत आणले. मला पाहून मान हलवली. बोलायला वेळ नव्हता.

"जागा नाई," कंडक्टर म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. बाई बसली. कंडक्टरने तिच्यापुढे हात केला. तिच्याकडे काहीच नव्हते.

मिस्त्रीने बंडीच्या खिशात हात घातला. चांद्याच्या दवाखान्यापर्यंतचे पूर्ण भाडे, दोन रुपये एक आणा, त्याने चिखलाच्या हाताने मोजून कंडक्टरला दिले.

"तुमची कोन होय?" कंडक्टरने तिकीट फाडता फाडता सहज विचारले.

"बहीन," तो म्हणाला, आणि तिकीट मागून घेऊन तिच्या मुठीत ठेवले.