अबू फहदच्या किल्ल्याचा कच्चा चुना

"बाई, भिंत पाडा," परकारसाहेब म्हणाले. "रविवारपासून सिमेंटनं नवी बांधू."

परकारसाहेब रत्नागिरीचे, कुवेतमधल्या आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर. मी मटेरियल इंजिनिअर. भिंत अबू फहद नावाच्या आमच्या क्लायंटच्या फार्मवरची. तिथे त्यांना नवा दिवानिया हवा होता, म्हणजे पुरुषमंडळींच्या रोजच्या संध्याकाळच्या बैठकीची जागा. तोही मध्ययुगीन युरोपातल्या किल्ल्यासारखा. नुसता दिसायला नाही, मटेरियलसुद्धा तेच. बाहेरून-आतून घडीव दगड, मध्ये दगडगोट्यांची भर आणि सगळं धरून ठेवायला चुना. सिमेंटचं नाव काढायचं नाही.

चुना फार सावकाश काम करतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. त्याआधीच वाळला तर भुकटी होते. कुवेतच्या उन्हात त्याचे फार लाड करावे लागतात. ओली गोणपाटं पांघरायची, सारखं पाणी मारायचं. चुना टिकेल, असा शब्द मी क्लायंटला दिला होता. आणि आता दगडांमधले सांधे रिकामे होत होते. भिंत पाडली तर माझा शब्द गेला, बहुधा नोकरीही.

"साहेब, चुना वाळला असता तर सगळीकडचा गेला असता. हा फक्त कमरेपासून खांद्यापर्यंत गेलाय. तोही दाराजवळ."

"मग? चुन्याला उंची कळते?"

"संध्याकाळी थांबून बघू या."

थांबलो. साइट ऑफिसच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. बैठक सध्या शेजारच्या तंबूत भरायची. एकेक पाहुणा आला की अबू फहद त्याला आधी भिंतीपाशी नेत आणि मोठ्या कौतुकानं गोणपाट उचलत. "असली! नो सिमेंट!" पाहुणा गाडीची किल्ली काढून सांध्यात खुपसायचा, गरकन फिरवायचा. चुना खाली. मान डोलवून दोघं कॉफीला जायचे. मग पुढचा पाहुणा, पुढची किल्ली.

परकारसाहेबांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! किल्ला दुश्मनानं फोडायचा असतो. इथे दोस्तच लागलेत."

दुसऱ्या दिवशी मी अबू फहदना हळूच सुचवलं, पाहुण्यांना थांबवा.

ते दुखावलेच. "मुहंदिसा, माझ्या घरी आलेल्याला मी हात लावू नको म्हणू?"

मुहंदिसा म्हणजे इंजिनिअरबाई, म्हणजे मी. मग मी सांधे पुन्हा भरून घेतले, गोणपाटं दोरीनं करकचून बांधली आणि तंबूच्या तोंडाशी त्याच चुन्यात छातीइतकी एक छोटी भिंत उभी केली. खास टोचायला.

खरी भिंत वाचली. आज तिचा चुना नखानं खरवडला तरी निघत नाही. दिवानिया सुरू होऊन बरेच दिवस झाले. परवा अबू फहदचा फोन आला.

"मुहंदिसा, छोटी भिंत संपली. पाहुणे विचारतात, दुसरी कधी?"

चुन्याच्या प्रत्येक कामात मी आता एक जादा भिंत धरते. इमारत उन्हापासून कशी वाचवायची ते कॉलेजात शिकवतात. मालकाच्या कौतुकापासून कशी वाचवायची, ते साइटवरच शिकावं लागतं.