नवरदेवाच्या मनगटावरचे घड्याळ

घड्याळांवर इतकी निष्ठा आणि वेळेविषयी इतकी बेपर्वाई एकाच देहात नांदवणारा पुरुष कावेरीच्या दोन्ही तीरांवर माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसावा. माझ्या पत्नीचे हे मामा तंजावरच्या राजवाड्यामागील गल्लीत राहतात. त्यांच्या घरी जुनी मनगटी घड्याळे इतकी, की माजघरात शिरताच त्यांच्या टिकटिकीने बाहेर पाऊस लागला आहे असा भास व्हावा. आणि त्यांतल्या कोणत्याही दोघांचे एकमत नाही. कुंभकोणमची गाडी चुकवून ते घरी परतत, तेव्हा मुद्रेवर खेदाचा लवलेशही नसे. “गाडी गेली, जाऊंदे. घड्याळ बरोबर होतं. मीच ते बघत बसलो.” मी पन्नाशी ओलांडली, माझी मुलगी लग्नाला आली, तरी ते मला ‘जावईबापू’ म्हणत, आणि त्या संबोधनापुढे माझे सगळे शहाणपण मला उगाचच उद्धट वाटू लागे.

कोणाला वेळ विचारणे त्यांना ठाऊक नव्हते. ते समोरच्याचे मनगट धरीत आणि डोळे मिटून कानाशी नेत. पापनाशमच्या फलाटावर एका अनोळखी गृहस्थाचा हात त्यांनी असाच पकडला. हे कोणी वैद्य असावेत अशा समजुतीने त्या भल्या माणसाने आपल्या अपचनाचा सारा इतिहास सांगितला. मामांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, “पोट बरं होईल हो तुमचं. पण ह्या बिचाऱ्याला कधी उघडून पुसलंय काय?”

त्यांच्या संग्रहातला मुकुटमणी म्हणजे एक स्विस घड्याळ. चहाच्या मळ्यांवरून मायदेशी परतणाऱ्या कोणा साहेबाने ते मामांच्या वडिलांना दिले होते. दोन बाजूंना दोन बटणे, आत तीन चिमुकल्या तबकड्या आणि मूळचा पांढरा रंग उतरून आलेली कॉफीच्या सायीची छटा. पण आमच्या तंजावरच्या मराठी घरांत त्याची ख्याती वेगळीच होती. आमच्यातला कोणीही नवरदेव बोहल्यावर चढला, की ते घड्याळ त्याच्या मनगटावर असे आणि दुसऱ्या दिवशी मामांकडे परत येई. मीही ते बांधले होते. सप्तपदीच्या वेळी पत्नीच्या हातापेक्षा त्याचाच मला अधिक आधार वाटला, हे आज तिला सांगण्याचे धैर्य मला नाही.

मग बाजार मोकळा झाला आणि गल्लीतल्या गच्च्यांवर परदेशी वाहिन्यांच्या तबकड्या उगवल्या. एका रविवारी मामांच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, नेहमीची सभा भरली होती: मामा, बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर, पापनाशमचे एक मिरासदार आणि श्रोता मी. दोघेही पाहुणे घड्याळांचे संग्राहक. मॅनेजरांनी इंग्रजी वर्तमानपत्र उलगडले. मामांच्या घड्याळाचा जुळा भाऊ परदेशी लिलावात विकला गेला होता, आणि त्या रकमेत मद्रासला बंगला आला असता.

“एका घड्याळाला बंगला?” मिरासदार उसळले. “ते काय उद्याची वेळ आज सांगतं?”

“किंमत वेळेची नव्हे हो, दुर्मिळतेची. असली मोजकीच उरलीत.”

“माझ्यासारखी खोडंही मोजकीच उरलीत. मला कोण बोली लावतो?”

“तुमची तबकडी मूळची राहिली नाही,” मॅनेजर त्यांच्या रंगवलेल्या केसांकडे पाहत गंभीरपणे म्हणाले.

मामा कॉफी वर-खाली ओतून निववत होते. त्यांनी एवढेच विचारले, “ज्यानं घेतलं तो ते हातावर घालणार काय?”

“छे! तिजोरीत ठेवणार. तुम्हीही तेच करा, मामा. आता हे नवऱ्यामुलांना देणं नक्को.”

“तिजोरीत घड्याळ कोणाला वेळ सांगणार? झुरळांना?” मामा म्हणाले आणि विषय संपला. निदान त्यांच्यापुरता. माझ्यापुरता तो संपला नव्हता, कारण पुढचे लग्न माझ्या मुलीचे होते, आणि आकडा ऐकल्यापासून त्या घड्याळाकडे मला सरळ पाहवत नव्हते.

लग्नाच्या सकाळी मामांनी स्वतः माझ्या जावयाच्या मनगटावर पट्टा बांधला. त्यांची पाठ वळताच मिरासदारांनी त्याच्या कानात किंमत सांगितली. त्या क्षणापासून तो डावा हात प्लास्टरात घातल्यासारखा धरून वावरू लागला. कन्यादानाची वेळ आली. मुलीची ओंजळ त्याच्या ओंजळीवर होती. पत्नीने पाण्याची धार सोडली मात्र, आणि त्याने हात मागे ओढला. पाणी जमिनीवर सांडले. भटजी मंत्रात अडखळले.

“मामा, घड्याळ...” जावई पुटपुटला. “बंगला भिजेल!”

कोणी हसले, पण माझी मुलगी हसली नाही. रिकामी ओंजळ पुढे धरून ती तशीच बसली होती. माझ्याने तिच्याकडे बघवेना.

मामा उठले. त्यांनी जावयाचा पट्टा सोडला, घड्याळ आपल्या मनगटावर बांधले, गुडघे मोडून खाली बसले आणि दोघांच्या ओंजळीखाली आपला हात धरला. “आता ओत, पोरी,” ते माझ्या पत्नीला म्हणाले. “अस्की, सगळ्या नवऱ्यांच्या वेळी पाणी प्यालंय ते. आज काय उपाशी ठेवायचं?” धार मुलीच्या हातांवरून जावयाच्या ओंजळीत आणि तिथून मामांच्या मनगटावर ओघळली. मिरासदारांनी “अय्यो!” म्हणून डोळे झाकले. मुलगी मात्र तेव्हा हसली.

मामांनी घड्याळ उघडून वाळवले. ते पूर्ववत चालू लागले, पण तबकडीवर एक पिवळसर डाग कायमचा उमटला. मॅनेजरांनी भिंगातून तो तपासला आणि बुडीत खात्याची बातमी द्यावी तशा स्वरात किंमत पार कोसळल्याचे सांगितले. मामांना मनापासून आनंद झाला. “बरं झालं. आता पोरं घालतील.”

पण पोरांनी ते घातले नाही. डागाची वार्ता कोणापर्यंत पोहोचली नाही. आकडा मात्र घरोघर पोहोचला होता. “नको मामा, एवढी जबाबदारी आम्हांला कशी झेपणार?” असे जो तो नम्रपणे म्हणू लागला. ज्यांनी म्हटले त्यांना मी दोष देत नाही. मुलीऐवजी मला मुलगा असता, तर मी काय म्हटले असते, या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप टाळतो.

अलीकडे तिरुवैयारूला एका लग्नात मामा भेटले. वेळेआधी आलेले मी त्यांना प्रथमच पाहिले. पहिल्याच रांगेत ते बसले होते आणि मांडीवर हातरुमालाची एक छोटी घडी होती. नवरदेव समोरून गेला. त्याच्या हातावर नवे कोरे, सेलवर चालणारे घड्याळ होते. मामांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले, मग घडीवर तळहात ठेवून माझ्याकडे झुकले.

“किल्ली देऊन आणलंय, जावईबापू,” ते हळूच म्हणाले. “कोणी मागितलंच, तर चालतं असावं.”