उलट्या बाजूची रेघ

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी माझे यजमान वारले.

ह्या सदरात येणाऱ्या वाचकांच्या अनुभवांत बहुतेकदा पिंपळ असतो, अमावस्या असते. माझ्या अनुभवात एक टेबल आहे आणि दुपार आहे. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे, असं म्हणवत नाही...

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही लोणावळ्यात राहायचो, दोघंही धरणाच्या कार्यालयात. मी पावसाच्या नोंदी तपासायची. त्या नोंदींवरून धरणात पाणी किती चढेल हे सांगणारा प्रोग्राम ह्यांनी लिहिला होता. खालच्या वाड्यांना कधी कळवायचं, ते त्यावर ठरे. पुण्यातला जुना कॉम्प्युटर पावसाळ्याआधी जाणार होता आणि नव्याला जुन्याची भाषा कळत नव्हती. म्हणून सगळा प्रोग्राम ओळीओळीने फोरट्रान ह्या नव्याच्या भाषेत उतरवायचा होता. हे अर्ध्यावर गेले. उरलेलं काम मी मागून घेतलं.

"बाई, जमलं नाही तर राहू द्या," आमचे वरिष्ठ म्हणाले. "पूर्वीसारखं कागदावर करू. प्रोग्राम बंद करून टाकू."

ते चांगुलपणानेच बोलले. पण ह्यांचं म्हणावं असं तेवढंच मागे उरलं होतं.

तिकोणा पेठेहून नोंदी घेऊन येणारे दगडूभाऊ दर खेपेला विचारत, "वैनी, सायबांचं गणित कवा सुरू व्हनार?"

"होईल, भाऊ."

"आवं, ढग काय आपल्यासाठी थांबत्यात व्हय!"

त्या काळी प्रोग्रामची एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून उमटवलेली असे. कार्डं सांडली तर क्रम लावता यावा म्हणून गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढायची; प्रत्येक कार्डाच्या कडेवर तिचा एकेक ठिपका उमटे. मग एखादं कार्ड जागा चुकलं की त्याच्यावरचा ठिपका रेघेबाहेर दिसे. सगळ्यांची रेघ डावीकडून उजवीकडे जाई. हे डावखुरे, ह्यांची उलटी, आणि नेहमी निळ्या पेन्सिलीची. कार्डं पंच करणारी मालती ह्यांना चिडवायची, "तुमचा गठ्ठा कायम रुसून पाठ फिरवून बसलेला!" प्रोग्राम बरोबर चालल्याशिवाय मात्र रेघ कुणीच ओढत नसे.

माझा प्रोग्राम चालेना. पाऊस थांबला तरी त्याच्या हिशेबात धरण चढतच राही. जुनी ओळ, नवी ओळ — कितीदा ताडून पाहिल्या. शेवटी तो बिनरेघेचा गठ्ठा घरी आणला, टेबलावर ठेवला, दाराला आतून कडी लावली आणि चहा करायला गेले.

परत आले तेव्हा गठ्ठ्यावर निळी रेघ होती. उजवीकडून डावीकडे गेलेली.

मी घाबरले नाही. कप खाली ठेवला आणि पाहत राहिले. एकच ठिपका रेघेबाहेर होता. ते कार्ड होतं रोजची बेरीज शून्यावर आणणारं. मी ते रोज पुन्हा चालणाऱ्या ओळींच्याही वर घातलं होतं, त्यामुळे बेरीज एकदाच शून्य होई आणि कालचा पाऊस आजच्यात मिसळत होता. ठिपका रेघेत बसेल तिथे ते सरकवलं. गठ्ठा पुण्याला नेला. प्रोग्राम बरोबर चालला.

आणताना माझ्याच नजरेतून सुटली असेल म्हणून मालतीला विचारलं, "रेघ तू ओढलीस का गं?"

"बाई, न चालणाऱ्या गठ्ठ्यावर कोण रेघ ओढेल?"

खरंच होतं तिचं. आणि ओढताना ते कार्ड योग्य जागी असायला हवं, तरच पुढे ठिपका जुळतो. पण तो गठ्ठा योग्य क्रमात कधी नव्हताच... चूक मी लिहितानाच केली होती.

दगडूभाऊंना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"सायेब काम अर्धं टाकून जानारे न्हवतंच, वैनी."

हे उत्तर मला पुरत नाही. दुसरं अजून सापडलेलं नाही.

पुढे तो नवा कॉम्प्युटरही गेला. गठ्ठा माझ्या कपाटात आहे. कार्डं पिवळी पडली आहेत. रेघ निळी आहे.