झालंच समज

माझा मामा बांधकामाचा ठेकेदार. परक्या देशात गेला तेव्हा दुसऱ्यांच्या विटा वाहायचा. केस पिकायच्या आत त्याच्या नावाचे ट्रक शहरभर फिरायला लागले.

शिक्षण संपल्यावर मी तिकडेच त्याच्या ऑफिसात लागले. ऑफिस कसलं, सिमेंटच्या गोदामाला चिकटलेली खोली. टेबलाला हात लागला की बाही पांढरी. माझं काम फोनवर बोलणी खाण्याचं, कारण मामाचा एक लाडका शब्द होता: झालंच. फरशा अजून दुकानात असायच्या आणि हा गिऱ्हाइकाला खुशाल सांगायचा, "झालंच समजा." तिथल्या भाषेतही त्याने या शब्दाचा जुळा भाऊ शोधून ठेवला होता. तो खोटं बोलायचा असं नाही. त्याच्या डोक्यात काम झालेलंच असायचं, फक्त भिंतीवर यायचं राहिलेलं. गिऱ्हाइकं वैतागायची, पण हाताला सफाई अशी की परत त्याच्याकडेच यायची. 'झालंच' म्हणजे अजून वेळ आहे, हे ती हळूहळू शिकली.

आजीला ते कोणी शिकवलं नाही.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. मामाने तिकडे स्वतःचं घर बांधलं आणि तळमजल्यावर आजीसाठी खोली काढली. दाराला उंबरठा नाही, बाथरूममध्ये धरायला दांडा, पलंगावर पडल्या पडल्या रस्ता दिसेल अशी खिडकी. मग फोनवर म्हणाला, "आई, तुझं इकडे यायचं झालंच समज." तिला तिकडे न्यायच्या परवानगीचा अर्जसुद्धा केलेला नव्हता. आजीने मात्र लगेच भाड्याची जागा सोडली, भांडीकुंडी शेजारणींना वाटली आणि बॅग घेऊन लेकीकडे, म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरी आली. "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणाली.

ते थोडे दिवस संपेचनात. कधी मामाचं मोठं काम अडलेलं, कधी मंदी, कधी वकिलाला सवड नाही. मी तिकडे गेले तोवर आजीच्या पलंगावर रंगाचे डबे येऊन बसले होते. ते बघून माझं डोकं फिरायचं.

"मामा, आजीच्या अर्जाचं काय?"

"अगं, झालंच."

"मी तुझं गिऱ्हाईक नाहीये."

तो हसला. मला हसू आलं नाही.

शेवटी परवानगी खरोखरच आली. मामाने घाईघाईने फोन लावला. आजी शांतपणे म्हणाली, "आता कुठला प्रवास झेपतोय रे. मी तर खालीसुद्धा उतरत नाही. इथल्या जिन्याला कठडा नाही, हात कशावर टेकायचा?"

मामा सगळी कामं टाकून, हत्यारांची पेटी घेऊन निघाला. मीही बरोबर आले. त्याने लाकूड स्वतः निवडलं, रंधा मारला, हाताला कूस लागू नये म्हणून पॉलिशपेपरने घासत बसला. एवढ्या वेळात तो 'झालंच' एकदाही म्हणाला नाही, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं.

काम संपल्यावर त्याने आजीला हात धरून दाराबाहेर आणलं. "आई, धरून बघ. आता खुशाल उतर."

आजीने कठड्यावरून लांबवर हात फिरवला.

"छान गुळगुळीत केलायस," ती म्हणाली. पण वरच्या पायरीवरच थांबली. "उतरून जाऊ कुठे रे? माझं घर तर मी तुझ्या शब्दावर सोडलं."