आत्यानं कुंकू लावलेली बाई

“...आन् तेवढ्या लांबच्या बागंत एकलीच गेल्ती म्हनं,” ओट्यावरच्या बायकांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. चंद्राआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, गेली त्याचा तो दहावा दिवस. आता त्यालाही महिना होत आला. पाथर्डीच्या तिच्या घरात मी दाराआड कप विसळत होते. किस्सा कोणता, हे मला ठाऊक होतं...

दुष्काळाच्या वर्षी ती मला भेटायला माझ्या कॉलेजच्या गावी आली होती. त्याआधी केडगावला आमच्याकडे आली की मला इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचायला लावायची. “कळत न्हाई शालू, पर ग्वाड लागतं,” म्हणत भाकरी थापायची. हॉस्टेलवर तिला बसवायचं कुठे, म्हणून मी तिला एका मोठ्या बागेत नेलं. बागेच्या मधोमध नवं संग्रहालय होतं, आशियातल्या आजच्या चित्रकार-शिल्पकारांच्या कामाचं. वाटेत हिरवळीवर पाण्याचे फवारे उडत होते. गावी विहिरीच्या तळाशी उतरून कळशी भरणारी आत्या तिथं थांबली. तळव्यावर थोडं पाणी घेऊन तिनं डोळ्यांना लावलं.

आत चित्रांपुढून ती भरभर गेली आणि एका काळ्या दगडाच्या बाईपुढे थबकली. गुडघे दुमडून बसलेली, पोट पुढे आलेलं, चेहरा जेमतेम कोरलेला. मी शेजारची पाटी वाचत होते.

“दिस भरत आल्यात हिचे,” आत्या म्हणाली. “आन् कपाळ मोकळं.”

आत्याच्या घरातून कुंकू लावल्याशिवाय कोणतीही सवाष्ण उंबऱ्याबाहेर पडत नसे. मी मान वळवेपर्यंत तिनं पिशवीतला करंडा काढून त्या बाईला ठसठशीत कुंकू लावलंही होतं.

पहारेकरी धावला. ऑफिसातून एक बाई आल्या. या तुमच्याबरोबर आहेत का, असं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. माझ्या वर्गातल्या दोघी मागेच उभ्या होत्या.

“नो,” मी म्हणाले.

तेवढं इंग्रजी आत्याला कळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “म्या एकलीच आलेय, बाई. चुकलं माझं,” म्हणाली आणि पदरानं ते कुंकू पुसू लागली... दगडाच्या बारीक छिद्रांतून ते निघेना. मी पुढच्या चित्रापाशी जाऊन उभी राहिले. चित्र कशाचं होतं, आठवत नाही.

फाटकाबाहेर ती माझी वाट पाहत होती. भूक लागली का, एवढंच विचारलं. गावी जाऊन तिनं स्वतःची फजिती साऱ्यांना रंगवून सांगितली : शालूचा तास होता, म्हणून एकटीच गेले. मी तिथं होते, हे तिनं कधी कळू दिलं नाही. मीही कळू दिलं नाही. भेटले की बोलू, असं दीड वर्ष ठरवत राहिले आणि भेटायचं टाळत राहिले. ती आजारी असल्याचं पत्र आलं तेव्हा माझी परीक्षा होती. परीक्षा खरीच होती, पण मला ती सोयीचीही होती.

ओट्यावरचं हसू ओसरत होतं. मी कप तसेच ठेवून बाहेर आले. चारचौघींत मी कधी बोलत नाही, म्हणून साऱ्या माझ्याकडे पाहू लागल्या.

“आत्या एकटी नव्हती,” मी म्हणाले. “मी तिच्याजवळच उभी होते. त्यांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हणाले.”